जन्म देणाऱ्या आईला शोधायचंय, पण कुठेही बोभाटा न होता: सुरुवात कुठून करावी?

नमस्कार. मी समाजसेविका आहे, एका दत्तक संस्थेत बरीच वर्षं केसवर्क केलं आणि आता मुख्यतः रूट सर्चच्या केसेस बघते, म्हणजे दत्तक गेलेली मुलं मोठी झाल्यावर आपलं मूळ शोधायला येतात ते काम. ज्यांनी मूळ प्रश्न वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ताईंचं वय ३६, १९८९ साली पुण्यातल्या एका संस्थेतून दत्तक, बाबा गेल्यावर कपाट आवरताना कोर्टाच्या ऑर्डरची झेरॉक्स आणि संस्थेचं एक पत्र हाती लागलं, त्यात एवढंच की आई अविवाहित, वय १९, मूळची सातारा जिल्ह्यातली. आपण दत्तक आहोत हे त्यांना लहानपणापासून माहितीय पण घरात आईशी त्यावर बोलणं होत नाही. आता जन्म देणारीला शोधायचंय, तिच्या संसारात काही विघ्न न आणता, आणि इकडे आईलाही न दुखावता. एका डिटेक्टिव्हने ऍडव्हान्स मागितलाय आणि कोणीतरी सांगितलंय की फेसबुक ग्रुपवर टाक, दोन दिवसात सापडेल.

सापडेलही, अहो. तीच तर भीती आहे. सातारा जिल्हा, १९८९, १९ वर्षांची अविवाहित मुलगी, पुण्यात बाळंतपण, एवढी पोस्ट टाकली की संध्याकाळपर्यंत ती चार तालुक्यांच्या व्हॉट्सऍप ग्रुपवर फिरते, आणि गावात अशा गोष्टी लपलेल्या असतात त्या फक्त कोणी मोठ्याने बोलत नाही म्हणून. कुठल्यातरी चुलतभावाला, वहिनीला, शेजारणीला लगेच हिशोब लागतो की ती मुलगी वर्षभर "मावशीकडे शिवणक्लासला" होती ते हेच. तुमच्याआधी गावाला कळतं आणि तिला सगळ्यात शेवटी. तेव्हा तुमचा खरा प्रश्न ती कशी सापडेल हा नाहीये, तिच्यापर्यंत निरोप असा कसा जाईल की तिच्याशिवाय कोणालाच कळणार नाही, हा आहे. माझं पुढचं सगळं उत्तर त्या हिशोबाने वाचा.

डिटेक्टिव्हचंही तेच. एक तर २०२२ च्या दत्तक नियमावलीत स्पष्ट आहे की तिसऱ्या व्यक्तीने केलेला रूट सर्च चालणार नाही, म्हणजे संस्थेने किंवा सरकारी ऑफिसने त्याला काही माहिती देणंच अपेक्षित नाही. मग तो करणार काय, तर गावात माणूस पाठवणार, आणि तो माणूस पानटपरीवर नाहीतर पोलीस पाटलाकडे चौकशी करणार. सगळेच तसे असतात असं नाही म्हणत, पण ज्याला पत्ता काढायचे पैसे मिळतात त्याला पत्ता मिळाल्यावर त्या बाईचं काय होतं याच्याशी देणंघेणं नसतं. ऍडव्हान्स देऊ नका.

आता कागदांबद्दल. तुमच्या केसमध्ये काय मिळेल हे दत्तक कुठल्या रस्त्याने झालं त्यावर आहे. १९८९ मध्ये हिंदू कुटुंबातलं दत्तक सहसा १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याखाली व्हायचं, संस्था मुलाची पालक म्हणून कोर्टाकडून परवानगी घ्यायची आणि मग दत्तकपत्र रजिस्टर व्हायचं. तुमच्याकडची ऑर्डर बहुतेक ती परवानगीची असणार. बघा त्यावर अर्ज क्रमांक आणि साल असेल, त्यावरून जिल्हा कोर्टाच्या नक्कल विभागात नकलेचा अर्ज करता येतो. पूर्ण फाइल मिळेल याची आशा धरू नका, जुन्या फाइलींमधले बरेच कागद ठरावीक वर्षांनी नष्ट करतात. ज्यांचं दत्तक संस्थेतून न होता नात्यात किंवा डॉक्टरांच्या ओळखीने थेट झालंय (असे इथे वाचणारे पण असतील) त्यांच्यासाठी संस्थेची फाइल नसतेच, पण रजिस्टर दत्तकपत्रात देणाऱ्या आईवडलांचं नाव लिहिलेलं असतं, ते दुय्यम निबंधकाकडे सापडू शकतं. परदेशात दत्तक गेलेल्यांचं वेगळं. सुप्रीम कोर्टाच्या १९८४ च्या लक्ष्मीकांत पांडे निकालानंतर परदेशी दत्तकाची कोर्टात बरीच छाननी व्हायची त्यामुळे कागद जास्त असतात, आणि त्यांनी अर्ज तिथल्या दत्तक प्राधिकरणामार्फत किंवा थेट काराकडे, म्हणजे दिल्लीच्या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे, करायचा.

तुमच्यासाठी मुख्य कागद म्हणजे संस्थेतली फाइल. त्यात काय असतं सांगते, कारण लोकांना वाटतं एक चिठ्ठी असेल. दाखल रजिस्टरमधली नोंद, आईने मूल सोपवल्याचं स्टॅम्प पेपरवरचं लिहून दिलेलं, साक्षीदारांच्या सह्या, जन्माचं वजन, लसी, आजारपणं, आणि बऱ्याचदा केसवर्करने हाताने लिहिलेला आईचा इतिहास: शिक्षण किती, घरी कोण, मुलगा कोण होता, लग्न का नाही झालं, बाळ बघितलं का, नाव ठेवलं का. सापडलेल्या बाळाच्या फाइलमध्ये यातलं काही नसतं, पोलिसांचा पंचनामा आणि कुठे सापडलं एवढंच. तुमच्या पत्रात आईचं वय आणि जिल्हा लिहिलाय म्हणजे तुम्हाला कोणीतरी सोपवलंय, टाकलेलं नाही. हे मी दिलासा म्हणून नाही सांगत, शोधाच्या दृष्टीने यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पण फाइलमधलं सगळं खरं धरू नका. त्या काळी पोरी खोटं नाव सांगायच्या, गाव शेजारच्या तालुक्यातलं सांगायच्या, बरोबर आलेली "मावशी" ही खरी मावशी नसायची. ज्या शेवटचे काही महिने संस्थेतच राहिल्या त्यांची माहिती जास्त पक्की, कारण रोज बघणाऱ्या बाईपुढे किती दिवस खोटं बोलणार. फक्त बाळंतपणापुरती आलेली आणि चौथ्या दिवशी गेलेली असेल तर नावावर फार भिस्त ठेवू नका.

रीतसर रस्ता असा. काराच्या वेबसाइटवर रूट सर्चचा अर्ज असतो. १८ पूर्ण झालेली व्यक्ती स्वतःच्या नावाने अर्ज करू शकते, दत्तक आईवडलांची सही लागत नाही, त्यामुळे तुमच्या आईला विचारावंच लागेल असं कायद्याने नाही. तिथून अर्ज राज्याच्या दत्तक संस्थेकडे म्हणजे साराकडे, मग जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे आणि तुमच्या मूळ संस्थेकडे येतो. माझा अनुभव असा की अर्ज करून नुसतं बसू नये, संस्थेत अपॉइंटमेंट घेऊन स्वतः जावं, सोशल वर्करला भेटावं. जिच्या समोर तुम्ही बसला आहात ती फाइल शोधायला स्टोअररूममध्ये जाते, ईमेलसाठी जातेच असं नाही. संस्था बंद पडली असेल तर जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात विचारा रेकॉर्ड कुणाकडे गेलं. इथे कोणीतरी माहिती अधिकार टाका लिहिलंय, त्याने फार काही हाती लागत नाही, तिसऱ्याची खासगी माहिती म्हणून नकार येतो आणि वर तुमचा अर्ज चार टेबलांवर फिरतो, जे आपल्याला नकोच आहे.

नियम अजून एक गोष्ट सांगतो जी तुम्ही आधीच मनाशी धरून ठेवा. तुमचा मूळ जाणून घ्यायचा हक्क आहे, पण तो तिच्या खासगीपणाच्या हक्काला धक्का लावून वापरता येत नाही. मूल सोपवताना तिने आपली ओळख गुप्त ठेवा म्हणून सांगितलं असेल तर आधी तिची संमती घ्यावी लागते, आणि ती संस्थेने किंवा बाल संरक्षण कक्षाने घ्यायची, तुम्ही नाही. ती नाही म्हणाली किंवा सापडलीच नाही तर मूल कुठल्या परिस्थितीत आणि का सोपवलं एवढं तुम्हाला सांगायला हवं, हे पण नियमातच आहे. पुष्कळ जणांना हे अन्यायाचं वाटतं, माझ्याशी भांडलेत लोक यावरून. मला ते बरोबर वाटतं, कारण ती १९ वर्षांची असताना तिला जे वचन दिलं गेलं त्याच्या भरवशावर तिने पुढचं सगळं उभं केलंय.

आता समजा नाव खरं निघालं. आपल्याकडे बाईला शोधताना सगळ्यात मोठी अडचण लग्नाची. आडनाव बदलतं, मधलं नाव वडलांचं जाऊन नवऱ्याचं येतं, आणि त्या पिढीत तर तांदळात अंगठीने नवीन नाव लिहून पहिलं नाव पण बदलायचे, म्हणजे फाइलमधली सुनंदा आज त्या नावाने कुठेच नसते. म्हणून शोध माहेराकडून करावा लागतो. वडील वारल्यावर सातबाऱ्यावर वारस नोंद होते, फेरफारात मुलींची नावं लग्नानंतरच्या नावासकट येतात, पुढे कधी हक्कसोडपत्र होतं त्यातही येतात. हे मी सांगतेय ते तुम्ही रात्री मोबाइलवर बसून शोधावं म्हणून नाही. ही माहिती बरीचशी आज घरबसल्या दिसते, आणि तुम्हाला ती दिसली तर हात शिवशिवतील, म्हणून आधीच सांगते की पत्ता मिळणं म्हणजे जायची परवानगी मिळणं नव्हे. हे काम सोशल वर्करकडे द्या. आणि भावाला फोन तर अजिबात नको. सगळ्यांना वाटतं मामा सोपा, तो गावातच असतो, आडनाव तेच. पण त्या वेळी तिला पुण्याला आणून सोडणारा तोच असू शकतो, किंवा ज्याच्यापासून हे सगळं लपवलं तोही तोच असू शकतो, आणि फोन उचलेपर्यंत कळत नाही दोन्हीतला कुठला.

पहिला संपर्क कसा करतात ते जरा सविस्तर सांगते, कारण गुप्तता म्हणतात ती सगळी इथेच सांभाळायची असते. ती आज पंचावन्नच्या आसपास असणार, म्हणजे नवरा आहे, मुलं लग्नाची किंवा लग्न झालेली, सून घरात. पत्र पाठवायचं नाही, घरात पत्र कोण फोडेल सांगता येत नाही आणि सही करून घ्यायचं पत्र आलं तर पोस्टमन ओट्यावरच विचारतो कुणाचं आलंय. व्हॉट्सऍप तर नकोच, तिचा फोन नातवाच्या हातात असतो. बाई सोशल वर्करच जाते, साध्या साडीत किंवा ड्रेसमध्ये, जीप बाहेर उभी न करता, दुपारी बारा ते चारच्या मधे जेव्हा घरातली पुरुष माणसं बाहेर असतात. सणावाराला नाही, घरात कुणाचं लग्न ठरलंय कळलं तर मुळीच नाही, वर्षभर थांबावं लागलं तरी थांबतो. दारात कारण काय सांगायचं यावर आमच्यात वाद आहेत. काही जणी आरोग्य सर्व्हे म्हणून जातात, मला ते पटत नाही, खोट्याने सुरुवात केली की ती नंतर तुमच्यावर विश्वास का ठेवेल. मी म्हणते की पुण्याहून आलेय, पूर्वी अमुक भागात ओळख होती, दोन मिनिटं एकट्याने बोलायचंय. दत्तक, बाळ, संस्था यातला एक शब्द ती एकटी असल्याची खात्री होईपर्यंत उच्चारायचा नाही. आणि ती एकटी नसेल तर पाणी पिऊन परत यायचं.

एक प्रसंग सांगते, खुणा सगळ्या बदलून. मी गेले तेव्हा त्या बाई मागच्या अंगणात भांडी घासत होत्या, सून आत. मी संस्था ज्या पेठेत होती त्या पेठेचं नाव घेतलं फक्त. त्यांचा राखेचा हात कढईवर तसाच थांबला. मग म्हणाल्या, मोठ्याने, आतल्याला ऐकू जाईल असं, "तुम्ही चुकीच्या घरी आलाय बाई, त्या वरच्या आळीला राहतात." मी नमस्कार करून निघाले. एसटीची वाट बघत फाट्यावर बसले होते तर अर्ध्या तासाने त्या आल्या, हातात पिशवी, जणू बाजाराला निघाल्यात. शेजारी बसल्या, रस्त्याकडे बघत, आणि विचारलं काय तर "शिकलीय का?" बस येईपर्यंत सगळं बोलणं तेवढ्यात झालं. भेटायला त्या तयार नव्हत्या, आजही नाहीत. पण मुलीचा फोटो बघितला, घरात कुणाला साखरेचा आजार आहे, आईकडून ब्लड प्रेशर आहे ते सगळं सांगितलं, आणि संस्थेचा फोन नंबर आपल्या नाही, भिशीच्या वहीत उलटा लिहून घेतला.

म्हणजे "हो" आणि "नाही" याच्या मधलं पण पुष्कळ असतं. कुणी फक्त फोनवर बोलतं, कुणी एक पत्र देतं, कुणी म्हणतं सासूबाई गेल्या की बघू. म्हणून अर्ज करताना, निदान सोशल वर्करशी बोलताना, तुम्हाला नेमकं काय हवंय ते ठरवा. भेट हवीय? घराण्यातल्या आजारांची माहिती हवीय? की ती आहे, बरी आहे एवढं कळलं तरी चालेल? जितकं कमी मागाल तितकं तिला देणं सोपं जातं, आणि एकदा दार किलकिलं झालं की पुढचं पुढे. पण ती नाही म्हणाली तर मात्र तिथेच थांबायचं, भावंडांकडून, मुलांकडून, फेसबुकवरून वळसा घालून जायचं नाही. तेव्हा एक करता येतं आणि ते मी सगळ्यांना करायला लावते: आपलं एक पत्र आणि चालू फोन नंबर संस्थेच्या फाइलमध्ये ठेवून यायचं, नंबर बदलला की कळवायचं. आया स्वतः चौकशीला येतात, कधी कधी तीस-पस्तीस वर्षांनी, नवरा गेल्यावर येतात, आणि तेव्हा मुलीचा पत्ता नसतो म्हणून आम्ही हात हलवत बसतो असं होता कामा नये.

डीएनए टेस्टचं बऱ्याच जणांनी सुचवलंय. सापडलेल्या बाळांसाठी तो शेवटचा मार्ग म्हणून ठीक, तुमच्याकडे फाइल असताना मी आधी करणार नाही. त्या डेटाबेसमध्ये आपली माणसं कमी, जी आहेत ती बहुतेक अमेरिका-इंग्लंडला राहणारी, आणि आपल्याकडे जातीत लग्नं, त्यात मामाच्या मुलीशी लग्न करायची पद्धत, त्यामुळे लांबचं नातं पण जवळचं असल्यासारखं दिसतं. तिसऱ्या-चौथ्या पिढीचा चुलतभाऊ म्हणून जो दाखवतात त्यावरून काही ठरवू नका, सख्ख्या चुलत-मावस भावंडाइतकी जुळणी असेल, म्हणजे साधारण आठवा हिस्सा, तरच त्याला काही अर्थ. दुसरं म्हणजे तुम्हाला ते दिसतात तसे तुम्हीही त्यांना दिसता. न्यू जर्सीतल्या कुणा हौशी भाच्याने फॅमिली ग्रुपवर विचारलं की ही कोण बरं आपली, की झालं. करायचीच तर नावाच्या जागी नुसती आद्याक्षरं घाला आणि समोरच्याला पहिल्या मेसेजमध्ये दत्तक शब्द लिहू नका.

राहिल्या तुमच्या आई. इथे मी ठाम काही सांगणार नाही, त्यांची तब्येत, तुमचं नातं, बाबांना जाऊन किती दिवस झाले यावर आहे. माझी सवय अशी की फाइल बघेपर्यंत न सांगितलं तर चालतं, पण भेट ठरायच्या आधी सांगावं. पुढे कधी तिसऱ्याकडून कळलं तर त्यांना शोधाचं कमी आणि लपवल्याचं जास्त लागतं. आणि व्यवहाराचं सांगायचं तर अर्जात पत्रव्यवहाराचा पत्ता घरचा देऊ नका, स्वतःचा मोबाइल आणि ईमेल द्या, नाहीतर सरकारी लिफाफा त्यांच्याच हातात पडायचा. कधी कधी आईला स्वतःलाच सगळं माहीत असतं, बाळ घ्यायला गेल्या तेव्हा संस्थेतल्या बाईंनी काहीतरी सांगितलेलं असतं जे कुठल्याच कागदावर नाही, आणि त्या वर्षानुवर्षं तुम्ही विचाराल म्हणून थांबलेल्या असतात. तुमच्याकडे तसं असेल की नाही मला कसं कळणार, पण कपाटात ते पत्र इतकी वर्षं जपून ठेवलंय कुणीतरी, फाडून टाकलं नाही, एवढं लक्षात घ्या.

तुम्ही शेवटी विचारलंय की तिच्यासाठीच्या पत्रात काय लिहू आणि फोटो घालू का. पत्र एका पानाचं, मराठीत, सोप्या मोठ्या अक्षरात, तिला वाचता येत नसेल तर सोशल वर्कर वाचून दाखवेल हे धरून. मी बरी आहे, शिकले, हे काम करते, मला चांगलं घर मिळालं, तुमच्यावर राग नाही (खरंच नसेल तरच लिहा), तुम्हाला त्रास होईल असं मला काही करायचं नाही. का सोडलंत हा प्रश्न पहिल्या पत्रात नको. तुमचं आडनाव, पत्ता, नोकरीच्या ठिकाणाचं नाव घालू नका. फोटो द्या, एकच, अलीकडचा, मागे काही न लिहिता, आणि तो सोशल वर्करकडेच ठेवायला सांगा. ती दाखवेल आणि परत आणेल, कारण तिने ठेवून घेतला तर तो लपवायचा कुठे हा एक नवा घोर तिच्या मागे लागतो.

अर्ज भरताना कुठे अडलात तर इथेच लिहा, पण संस्थेचं नाव आणि तुमची जन्मतारीख इथे टाकू नका.